मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता

डोंगरदऱ्यांची आवड असलेल्या कुटुंबानं राहायचं कुठे, असं विचारलं की लोक रविवार डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतात. इथून हरिश्चंद्रगड जवळ पडतो, तिथून कोकण चार तासांत गाठता येतं, नाशिकला राहिलं तर साल्हेर आणि कळसूबाई दोन्ही टप्प्यात येतात, वगैरे. पण वर्षाला रविवार बावन्नच. त्यातून लग्नं, मुंजी, परीक्षा, पाहुणे, सर्दीताप आणि गाडीचं सर्व्हिसिंग वजा करा. उरलेल्यातले निम्मे पावसानं किंवा ऑफिसच्या 'जरा अर्जंट आहे'नं जातात.

म्हणून पुण्यातलं घर सोडायचं असं ठरू लागलं तेव्हा मी घरच्यांपुढे एकच प्रश्न ठेवला: मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता काय? म्हणजे शाळा सुटलीय, डबे धुवायचे राहिलेत, उद्या पुन्हा शाळा आहे, गाडी काढायची कुणालाच इच्छा नाही. अशा वेळी चप्पल घालून दाराबाहेर पडलं तर वीस मिनिटांत पायाखाली माती येते का? येत असेल तर ती जागा आपली. नसेल, तर गावाभोवती पाचशे किल्ले असले तरी उपयोग नाही.

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. तो याद्या करणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या एक्सेल शीटमध्ये गडांची अंतरं, शाळांच्या फिया, इंटरनेटचा वेग, दवाखाने असे रकाने होते. मी त्यात 'मंगळवार' हा रकाना घातला आणि त्याला निम्मे मार्क दिले. संसारात असे अधिकार कधीकधी परस्पर घ्यावे लागतात.

पुण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. इतक्या टेकड्या पोटात घेऊन बसलेलं शहर सहसा बघायला मिळत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई, बाणेर, कोथरूडची म्हातोबा. गोखलेनगर किंवा पंचवटीत राहणारा माणूस चहा पिऊन निघाला तर दहा मिनिटांत मोराचा ओरडा ऐकतो. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडीला हात लागणार म्हटल्यावर २०२३च्या एप्रिलमध्ये भर उन्हात लोक रस्त्यावर उतरले, त्यात पर्यावरणवाले थोडे आणि रोज सकाळी टेकडीवर जाणारे आजी-आजोबाच जास्त होते असं मला वाटतं. जिथे आपण वर्षातून एकदा जातो त्या जागेसाठी आपण फेसबुकवर हळहळतो. जिथे रोज जातो तिथल्यासाठी भांडतो.

पण त्या टेकड्यांच्या पायथ्याची घरं आमच्या बजेटच्या फार वर होती आणि जे परवडत होतं ते खराडीत होतं. आमच्या नवव्या मजल्यावरून खूप आकाश दिसायचं. जमीन मात्र लिफ्टच्या पलीकडे, पार्किंगच्या पलीकडे, सिक्युरिटीच्या पलीकडे आणि मग चार लेनच्या रस्त्याच्याही पलीकडे. धाकटा सायकल शिकला तो बेसमेंटमध्ये, खांबांच्या मधून. सिंहगड आमचा लाडका, पण तो चाळीसेक किलोमीटरवर. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं खाणाऱ्यांच्या गाड्यांमधून वाट काढत आतकरवाडीला पोचेपर्यंत अर्धा उत्साह क्लचवरच संपायचा.

मुंबईकरांची कीव करायची पुण्यात पद्धत आहे. ती मला फारशी पटत नाही. बोरिवली स्टेशनवर उतरून चालत जाता येईल अशा अंतरावर राष्ट्रीय उद्यानाचं दार आहे, आणि ठाण्यात येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांना पावसाळ्यात जे ओढे मिळतात ते आमच्या खराडीच्या सोसायटीला स्वप्नातही मिळाले नसते. मंगळवारच्या परीक्षेत बोरिवली पूर्व पहिल्या वर्गात पास होते.

मधल्या काळात 'जमीनच घ्या ना' हा सल्ला सर्वांकडून आला. मुळशी, वेल्हे, ताम्हिणीच्या अलीकडे. तिथे आम्ही काही शनिवार घालवले. एजंट मंडळी मोठी गोड असतात. 'मॅडम, तीन बाजूंनी डोंगर, समोर वॉटरफॉल, टायटल एकदम क्लिअर.' सातबारा दाखवा म्हटलं की 'तो येईलच' असं उत्तर. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन घेता येत नाही, एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला तुकडा म्हणून जो दाखवतात त्याचा नकाशा वेगळाच निघतो, ही सगळी कटकट आहेच. पण मला त्याहून खटकली ती त्या प्लॉटची जन्मकथा. डोंगराचा उतार जेसीबीनं कापून केलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक गेट, मागे कातरलेला उभा तांबडा कडा, त्यातून झिरपणारं पाणी. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैतल्या. तळीयेच्या त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावही गाडली गेली. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगराखाली राहत होती, हौसेनं गेली नव्हती. आपण पैसे मोजून, डोंगर कापून, त्याच्याखाली झोपायला जायचं आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे मला जमेना. शिवाय तिथे शेजार नाही. मुलांनी खेळायचं कुणाशी, वॉटरफॉलशी?

नाशिक जवळजवळ जिंकलंच होतं. शहरातच पांडवलेणी, म्हसरूळला चामरलेणी, अंजनेरी वीसेक किलोमीटरवर, आणि हवा पुण्यापेक्षा मोकळी. तिथलं सायकलिंगचं वेड तर खासच आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण केली, तेव्हापासून नाशिकचा प्रत्येक दुसरा डॉक्टर लायक्रा घालतो असं नवरा म्हणतो. नाशिक राहिलं ते सासऱ्यांमुळे. ते कऱ्हाडला असतात, एकटेच, आणि 'मी कुठंही यायचो नाही, तुम्ही या' एवढंच म्हणतात. रात्री-अपरात्री फोन आला तर नाशिकहून कऱ्हाड फार लांब पडतं. ट्रेकिंगच्या पुस्तकात हा मुद्दा नसतो, पण राहायची जागा निवडताना चाळिशीतल्या माणसाला तो पहिला दिसतो.

कोल्हापूर मनातलं. माणसं, तांबडा-पांढरा, रंकाळा. पण डोंगराला भिडायचं तर गाडी लागते. पन्हाळा वीस किलोमीटर, दाजीपूर तर ऐंशीच्या आसपास. दापोलीत समुद्र होता, नेटवर्क नव्हतं. दोन्ही नावं लवकर खोडली गेली.

साताऱ्याचं नाव यादीत होतं ते मधलं स्टेशन म्हणून. पुण्यापासून एकशे दहा किलोमीटर, कऱ्हाडपासून पन्नासएक. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा पुणं गाठायचं होतं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. आम्ही आधी मेमध्ये जाऊन राहिलो आणि मग जुलैमध्ये, कारण कुठलंही डोंगराजवळचं गाव ऑक्टोबरमध्ये बघून ठरवू नये. ऑक्टोबरमध्ये सगळी गावं सुंदर असतात. मेमध्ये नळाला पाणी किती वेळ येतं ते कळतं आणि जुलैत भिंतीला ओल कुठवर चढते ते.

साताऱ्यात डोंगर गावाबाहेर नाही. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर गाव सांडलेलं आहे, समर्थ मंदिरापासून गोडोलीपर्यंत. शाहू महाराजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ल्यावरून खाली उतरून शहर वसवलं, पेठा पाडल्या, आणि त्यामुळे आजही इथल्या जुन्या गल्ल्या चढावरच जातात. कुठल्याही गल्लीत वर तोंड करून चालत राहिलं की घरं संपतात आणि गवत सुरू होतं. गावापासून किल्ल्याची उंची तीनशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे लहान मूल रडत का होईना पण चढू शकतं, आणि मोठ्या माणसाला घाम येतो. वर दूरदर्शनचा टॉवर, मंगळाई देवी, मारुती, पाण्याची तळी. स्वच्छ हवेत चंदन-वंदन, कल्याणगड, जरंडेश्वर, सज्जनगड, यवतेश्वर अशी हजेरी घेता येते.

पहिल्याच मुक्कामात आम्ही मुद्दाम मधल्या वारी, शाळा सुटायच्या वेळेला, चार भिंतीकडे निघालो. १८५७च्या हुतात्म्यांचं ते स्मारक किल्ल्याच्या अंगावर अर्ध्या वाटेत आहे. लोक जे करत होते ते बघून मी तिथेच निकाल लावला. दोन बायका पंजाबी ड्रेसवर पायात स्पोर्ट्स शूज घालून भाजीचे भाव बोलत चढत होत्या. एक आजोबा पाच लिटरचं कॅन घेऊन आले, कडेच्या तीन रोपांना मोजून पाणी घातलं, कॅन उलटं झटकलं आणि खाली निघाले. कॉलेजची पोरं कठड्यावर बसून भेळ खात होती. कुणाच्याही पाठीवर सॅक नव्हती. 'ट्रेक'ला आलंय असं कुणाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

आता आम्ही शाहूनगरच्या बाजूला भाड्यानं राहतो. घर साधं आहे, गच्चीवर माकडं येतात, वरच्या टाकीला झाकण बांधून ठेवावं लागतं. मुलं संध्याकाळी विचारतात, 'चार भिंती का वरपर्यंत?' आणि मी घड्याळ बघून एक सांगते. बस्स, एवढंच नियोजन. पूर्वी एका ट्रेकसाठी आदल्या रात्री आमच्या घरात लग्नघराइतकी पळापळ असायची.

रोजच्या जाण्यानं एक गोष्ट बदलली, ती म्हणजे डोंगर बघायची घाई गेली. रविवारी गेलेला माणूस सगळं एकदम वसूल करायला बघतो: सूर्योदय, धबधबा, फोटो, पिठलं-भाकरी. रोज जाणाऱ्याला आज काहीच दिसलं नाही तरी चालतं. मग दिसतं. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत कातळाच्या खळग्यांत शेवाळं कसं पोपटी होतं, मधेच ऊन पडलं की ते कसं पापडासारखं वाळतं आणि पुन्हा सर आली की पुन्हा जिवंत होतं, हे धाकट्यानं बघून ठेवलं. त्यानं अमुक एक खळगा स्वतःच्या नावावर केलाय. त्यात बेडकाची पिल्लं झाली तेव्हा वर्गातली निम्मी मुलं आमच्या घरी जेवायला होती.

त्याला इतिहासही असाच पायानं आला. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः या किल्ल्याला वेढा घालून बसला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड साडेचार महिने झुंजवला. मोगलांनी पेरलेल्या सुरुंगानं उडालेला तट त्यांच्याच फौजेवर कोसळला. औरंगजेबाची छावणी करंज्याला होती. धाकट्याची शाळा त्याच अंगाला. 'म्हणजे मी रोज शत्रूच्या गोटात जातो,' असं त्यानं जाहीर केलं आणि गृहपाठ न करण्याचं ते कारण म्हणून काही दिवस वापरूनही बघितलं.

पण सर्वांत जास्त मला हलवलं ते पहाटेच्या पोरांनी. साडेपाचला किल्ल्याच्या डांबरी रस्त्यावर, यवतेश्वरच्या घाटात, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळत असतात. फाटका ट्रॅकसूट, कुणाच्या हातात मोबाइलवर लावलेलं स्टॉपवॉच, एखादा माजी सुभेदार शिट्टी घेऊन कडेला. हा जिल्हाच फौजेचा. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. त्याच घाटात दर सप्टेंबरला सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, २०१२पासून, एकवीस किलोमीटर, आणि देशभरातून लोक हजारोंचे बूट घालून येतात. मीही पळते. पण शेजारच्या गल्लीतली मुलगी तोच चढ रोज पळते, पदकासाठी नव्हे, भरतीतल्या धावण्याच्या वेळेसाठी, कारण त्या काही सेकंदांवर तिच्या घराचं पुढचं सगळं अवलंबून आहे. आमची ती 'आउटडोअर लाइफस्टाइल', तिचा तो अभ्यास. वाटेत भेटली की 'काकू, दम टाका की जरा' म्हणून हसते आणि पुढे जाते. डोंगर आवडणं ही चैन आहे, हे पुण्यात कधी जाणवलं नव्हतं, कारण तिथे डोंगरावर आमच्यासारखेच सगळे भेटायचे.

शेजारच्या मावशींचं किल्ल्याशी नातं आणखी तिसरं. त्या नवरात्रात मंगळाईला जातात, एरवी जात नाहीत. 'तुमी रोज गडाव कशाला वो जाता, काय इसारलंय का तितं?' असं त्यांनी एकदा अगदी काळजीनं विचारलं. मला अजून बरं उत्तर सुचलेलं नाही.

भूगोलाचाही एक फायदा झाला, जो आधी कुठल्याच रकान्यात नव्हता. या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. आम्ही बरोबर मधे. म्हणजे ऋतूप्रमाणे दिशा बदलायची. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेला ठोसेघर, कोयनेकडे धुकं आणि जळवा असतात, तेव्हा आम्ही पूर्वेला वळतो. जरंडेश्वर, चंदन-वंदन, पुसेगावजवळचा वर्धनगड. बाकी वर्षभर पिवळ्या पडलेल्या या टेकड्या त्या दोन महिन्यांत हिरव्यागार असतात आणि गर्दी शून्य. थंडीत पुन्हा पश्चिम. कास पठार पंचवीस किलोमीटरवर आहे, पण २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी तिकडे फिरकू नये हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. फुलांच्या हंगामाची जी धांदल असते, तिच्या आधी जूनअखेर-जुलैत, साध्या वारी, पठाराच्या रस्त्यावर थांबलं तर नुसतं ओलं जांभ्याचं सपाट मैदान, धुकं, आणि क्वचित वायतुऱ्याचा तुरा. फोटोत काहीच येत नाही. मुलीला ते तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापेक्षा आवडतं. मला गालिचाच आवडतो, पण गर्दीतून तो दिसत नाही.

उणं पुष्कळ आहे. मुलगी पुण्यात कृत्रिम भिंतीवर क्लाइंबिंग शिकत होती, ते सुटलं. इथे खडक अमाप आणि शिकवणारं माणूस मिळणं मुश्कील. नाटक बघायला रात्री गाडी काढून जायचं धाडस आता होत नाही. नवरा दोन दिवस पुण्याला जाऊन येतो तेव्हा गुरुवारी संध्याकाळी तो कुठल्याही डोंगराकडे बघायच्या स्थितीत नसतो. बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येते, मग आठवडाभर सूर्य मावळायच्या आत घरी, वाटेनं मोठ्यानं बोलत चालायचं, धाकट्यानं मधे. त्याला मोठ्यानं बोलायला सांगावं लागत नाही.

आणि वणवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या रात्री गच्चीवरून किल्ल्याच्या अंगावर नारिंगी रेघ सरकताना दिसते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं हा जुना समज, शिवाय फेकलेली सिगरेट, शिवाय नुसती मस्ती. पहिल्या वर्षी आम्ही फक्त बघत होतो, फोन करत होतो. नंतर गावातल्या तरुणांबरोबर जाळरेषा काढायला जाऊ लागलो. हे काम दिसायला अगदी बेचव आहे: चढाला आडवा पट्टा आखायचा, त्यातलं वाळलेलं गवत विळ्यानं कापायचं, बाजूला ओढायचं, पुन्हा पुढे. कुसळं मोज्यांत शिरतात ती आठवडाभर निघत नाहीत. आग लागलीच तर करंजाच्या हिरव्या डहाळ्यांनी कडेकडेनं झोडपत विझवायची, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला उभं राहायचं नाही. त्या आजोबांची तीन रोपं एका मार्चमध्ये जळाली. त्यांनी जूनमध्ये पाच लावली. पाण्याचं कॅन आता कधीकधी धाकटा वर नेतो.

ओळखीचे लोक हल्ली आम्हाला विचारतात, आम्हीही निघावं का, कुठं जावं. मी गावाचं नाव सांगत नाही. मे आणि जुलैत जाऊन राहा, किराणा दुकानात पाण्याची वेळ विचारा, घरामागचा उतार कुणी कापलाय का बघा, आणि सहा वाजता दाराबाहेर पडा, एवढं सांगते. काहींना ते फारच साधं वाटतं. एका मैत्रिणीनं खराडीतून धनकवडीला, तळजाईच्या पायथ्याला घर घेतलं. शहरही बदललं नाही. तिचं माझ्यापेक्षा स्वस्तात झालं.

मुलगी आता नववीत आहे. दहावीनंतर कुठे शिकायचं याची तिनं स्वतःची यादी केलीय, बापाच्या वळणावर जाऊन रकाने पाडून. त्यात डोंगर आहे, पण तिसऱ्या नंबरला. पहिल्याला क्लाइंबिंगची भिंत आणि दुसऱ्याला 'कुणी ओळखत नाही असं गाव'. पुणं तिच्या यादीत सगळ्यात वर आहे.